काठावर थांबलेल्या टी-सेल

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी साचतात, फ्रीजरमधले नमुने आणि किस्से. नमुन्यांची काळजी घ्यायला माणसं आहेत. त्यांचं तापमान बघितलं जातं, न विचारता कुणी हात लावला तर मॅडम खडसावतात. किस्स्यांना मात्र कुणी वाली नाही! चहाच्या वेळी एकजण सुरू करतो, दुसरा तिखटमीठ लावतो, आणि थोड्या दिवसांनी ज्याच्या बाबतीत घडलं त्यालाच तो किस्सा नवीन म्हणून ऐकवला जातो. म्हणून म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत जे घडलं ते तरी एकदा सरळ सांगून टाकावं.

आधी आम्ही कोण ते सांगतो. घोरावाडी स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आमची लॅब आहे. काम एकाच रोगावर, स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर. मी शास्त्रज्ञ वगैरे नाही. तळेगावच्या एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट तपासण्यात निम्मं आयुष्य गेलं, आता इथं मायक्रोस्कोप सांभाळतो. सगळे मला आगाशे काका म्हणतात. लॅबच्या प्रमुख आमच्या मॅडम. आणि या सगळ्या किस्स्यांच्या मधोमध आहे मुक्ता. लोणावळ्याची मुलगी, वडील शाळेत शिक्षक. पीएचडी करायला आली आणि एका प्रश्नाला अशी चिकटली की सुटायचं नाव नाही.

तो प्रश्न तिनं मला माझ्या पहिल्याच आठवड्यात समजावला.

"काका, आपल्या शरीरात टी-सेल नावाच्या पेशी असतात. कुठे काही बिघडलं की त्या तिथे पोचतात आणि बिघडलेल्या पेशींना मारतात. या कॅन्सरमध्येही पोचतात. पण गाठीच्या काठापर्यंतच. आत जात नाहीत."

"का जात नाहीत?"

"गाठीभोवती एक जाड आवरण असतं. त्यातल्या पेशी एक रेणू सोडतात. पेशी एकमेकींना निरोप देतात ना, तसला रेणू. त्या निरोपापायी टी-सेल बाहेरच घुटमळत बसतात. मला तो निरोप बंद करायचाय आणि बघायचंय, आत जातात का."

त्या रेणूचं इंग्रजी नाव लांबलचक, शेवटी बाराचा आकडा. आम्ही त्याला 'बारा नंबर' म्हणतो.

माझं डोकं कारखान्यातलं. मी म्हटलं, "म्हणजे माल गेटपर्यंत येतोय, आत येत नाहीये. मग हा माल रिजेक्ट, की दुरुस्त करून परत घ्यायचा, म्हणजे रीवर्क?"

"रीवर्क!" ती हसली सुद्धा नाही. "रिजेक्ट हा शब्द इथे नाही चालत, काका."

मला वाटलं, नवीन आहे, उत्साह आहे, दिवाळीपर्यंत उतरेल. दिवाळी आली, गेली. पोरगी रीवर्कच करत होती.

*

टी-सेल आत जातात का हे बघायला जिवंत गाठ लागते. पुण्यात ऑपरेशन होतं, पेशंटची परवानगी असेल तर गाठीचा छोटासा तुकडा आम्हाला मिळतो. त्याच्या पातळ चकत्या करून पोषक द्रवात ठेवल्या की त्या काही दिवस जिवंत राहतात. तेवढ्यात काय ते बघून घ्यायचं. तुकडा आला तर मुक्ताचं काम चालू, नाही आला तर बंद. इतकं सरळ आहे ते.

हा तुकडा आणायचं काम दत्ताभाऊंचं. सोमाटण्याचे आहेत, आधी स्कूल व्हॅन चालवायचे. बर्फाचा डबा शेजारच्या सीटवर ठेवतात आणि त्याला सीटबेल्ट लावतात. मॅडमनी त्यांच्याकडून एक नियम घोकून घेतलाय की पेशंटबद्दल कुणाला चकार शब्द सांगायचा नाही. खरं तर डब्यावर नुसता कोड असतो, नाव त्यांनाही ठाऊक नसतं.

हा एवढा किस्सा मात्र दत्ताभाऊंच्या आणि मॅडमच्या तोंडून ऐकलेला. एका शुक्रवारी जोडून सुट्ट्या आल्या होत्या. सगळं पुणं लोणावळ्याला निघालेलं. सोमाटणे फाट्याच्या अलीकडे गाड्या मुंगीच्या पावलांनी चाललेल्या, आणि डब्यातला बर्फ वितळतोय. दत्ताभाऊंनी थोडा विचार केला आणि गाडी सरळ उलट्या बाजूनं काढली. पुढं पोलीस उभाच होता.

"काय ओ, घाई झाली का? डब्यात काय आहे?"

"स्वादुपिंड हाय, साहेब."

पोलीस एक पाऊल मागं सरकला. "कुणाचं?"

"त्ये सांगायची परवानगी न्हाई."

पोलिसानं एकदा डब्याकडे बघितलं, एकदा दत्ताभाऊंकडे, एकदा त्या सीटबेल्टकडे. मग त्यांच्याकडून नंबर घेऊन मॅडमना फोन लावला. "बाई, एक माणूस पकडलाय. डब्यात स्वादुपिंड आहे म्हणतो आणि कुणाचं ते सांगत नाही!"

"बरोबर करतोय," मॅडम म्हणाल्या. "सांगितलं असतं तर मीच तुम्हाला म्हटलं असतं, टाका त्याला आत!"

मग मॅडमनी सगळं नीट समजावलं. आणि त्या भल्या माणसानं पुढं मोटरसायकल घालून फाट्यापर्यंत वाट मोकळी करून दिली. दत्ताभाऊ डबा घेऊन आत आले ते छाती काढूनच. "ताई, आज पायलट व्हता म्होरं. मंत्र्यावानी आलो!"

मुक्तानं डबा उघडला, तापमान बघितलं. "मंत्री जिवंत आहेत," ती म्हणाली, आणि कापायला बसली.

*

जिवंत चकतीतल्या टी-सेल आम्ही हिरव्या रंगानं उजळवतो आणि मायक्रोस्कोपखाली त्यांची फिल्म काढतो. ठरावीक वेळानं फोटो, आणि सगळे फोटो जोडले की फिल्म. बारा नंबर बंद करणारं औषध घातलेली पहिली फिल्म तयार झाली तेव्हा मुक्ता ओरडतच माझ्याकडे आली.

"काका! गेल्या! आत गेल्या!"

मी बघितलं. गाठीचा काठ मुक्तानं स्क्रीनवर रेघ मारून आखला होता, हिरवे ठिपके त्या रेघेवर होते. एकाएकी सगळेच्या सगळे टुणकन आत गेले. मग थोड्या वेळानं सगळेच्या सगळे टुणकन बाहेर आले.

"मुक्ता," मी म्हटलं, "मी कारखान्यात शिफ्ट सुटताना बघितलीय. एवढ्या शिस्तीत तिथंही कुणी आत-बाहेर करत नाही."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग तिनं खिडकीतून रुळांकडे बघितलं. "मालगाडी," ती म्हणाली.

टी-सेल जागच्या जागीच होत्या. मालगाडी गेली की टेबल हलत होतं! दुसरी कुणी असती तर दोन दिवस तोंड पाडून बसली असती. हिनं लगेच विचारलं, "टेबल हलायचं थांबवायचं कसं?"

धक्के शोषणारं खास टेबल मिळतं, पण ते यायला कित्येक महिने. आमच्या कारखान्यात नाजूक उपकरणाखाली टायरची ट्यूब घालायचे ते मला आठवलं. गेलो सोमाटण्याला, ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे. त्याला सगळं समजावून सांगितलं. मालगाडी, टेबल, मायक्रोस्कोप, कॅन्सर. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, त्या पेशींना काय म्हणतात ते पुन्हा विचारून घेतलं, ट्यूब काढल्या, हवा भरली आणि माझ्या हातात देताना बजावलं, "ह्यो मायक्रोस्कोप रस्त्यावर आनला, तर मात्र माझी ग्यारंटी न्हाई हां!"

ट्यूबांवर टेबल, टेबलावर लादी, लादीवर मायक्रोस्कोप. पुढच्या फिल्ममध्ये मालगाडी गेली आणि ठिपके हलले नाहीत. आत पण गेले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

*

आमच्याकडे आणखी एक असामी आहे, डॉक्टर परचुरे. तळेगावात राहतात, पॅथॉलॉजिस्ट होते, आता रिटायर झालेत. आमच्या स्लाइड बघायला येतात. 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून अजून कुणी ऐकलेला नाही.

एकदा औषधात ठेवलेली एक चकती मुक्तानं रंगवली, आणि मायक्रोस्कोपखाली बघतो तर काय! टी-सेलच टी-सेल! काठावर नव्हत्या, मधोमध होत्या, खच्चून भरलेल्या. मी पाहिलं, मॅडमनी पाहिलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. दत्ताभाऊ स्टेशनजवळच्या दुकानातून पेढे घेऊन आले.

परचुरे सर आले, त्यांच्याही हातात पेढा ठेवला. त्यांनी निम्मा तोंडात टाकला, निम्मा डाव्या हातात धरला आणि उजव्या हातानं स्लाइड सरकवत डोळा लावला. बराच वेळ लावला.

"कुठून घेतला हा तुकडा?"

"गाठीच्या कडेचा, सर."

"कॅन्सरच्या पेशी रंगवल्यास?"

"नाही सर. घाईत नुसत्या टी-सेलच..."

"मग सांगतो. ही कॅन्सरची गाठ नाही. हा लिम्फ नोड आहे."

आता तुम्हाला सांगायला हवं. लिम्फ नोड म्हणजे शरीरातल्या छोट्या छोट्या गाठी, ज्यात टी-सेल मुळातच दाटीवाटीनं राहतात. अशा गाठी स्वादुपिंडाला चिकटलेल्या असतात आणि नुसत्या डोळ्यांना सगळं सारखंच दिसतं. आम्ही चुकून त्यातलीच एक कापली होती!

"टी-सेल कॅन्सरमध्ये शिरलेल्या नाहीत, मुली," परचुरे सर म्हणाले. "तूच टी-सेलच्या घरात शिरलीस!"

लॅबमध्ये सगळ्यांच्या हातात पेढे, आणि खावा की ठेवावा कुणाला कळेना. मुक्तानं आपला पेढा शांतपणे खाल्ला. हात पुसले.

"उद्यापासून प्रत्येक तुकड्याची पहिली चकती आधी सरांकडे. त्यांनी कॅन्सर म्हटलं तरच पुढे जायचं."

"म्हणजे मी रोज यायचं?" परचुरे सर गडबडले.

"हो सर. पेढा खाल्लाय तुम्ही!"

सरांनी डाव्या हातातल्या निम्म्या पेढ्याकडे बघितलं. तो परत करता येईल का, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. दुसऱ्या दिवशी मात्र दारात सगळ्यांत आधी तेच उभे होते.

*

एके दिवशी इंदुरीचे एक आबा रिक्षा करून आले. पांढरं धोतर, कडक टोपी, अंगावर मांस म्हणून नाही. पुण्यात ऑपरेशन झालं होतं. उभं राहायला काठी लागत होती पण आवाज असा की वॉचमन बाजूलाच झाला.

"माझा तुकडा हितं हाय म्हनं. बगायचाय."

मुक्तानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नियम सांगितला. "आबा, आमच्याकडे कुणाचंच नाव नसतं. नुसते आकडे असतात. तुमचा कुठला ते आम्हालाही माहीत नाही."

"तुमाला न्हाई म्हाईत?"

"खरंच नाही."

"आन समदे हायेत कुटं?"

चकत्या काही दिवसच टिकतात, पण प्रत्येक तुकड्याचा थोडा भाग आम्ही मेणात घालून कपाटात ठेवतो. मुक्तानं ते कपाट दाखवलं. आबा उठले, काठी टेकत कपाटापुढं गेले. मला वाटलं, आता डोळे भरून येणार. मी खिशातला रुमाल चाचपला.

आबांनी काठी उचलली आणि कपाटावर रोखली.

"मी समद्यास्नीच बोलतो, म्हंजी त्यात माझाबी आला. लय छळलंस रं मला! कुनाला न सांगता येऊन बसलास. आता ऱ्हा हितंच कोंडून, आन ही पोरगी जे जे इचारंल त्याची समदी उत्तरं द्यायची! कळलं का?"

मग मुक्ताकडे वळून म्हणाले, "दम दिलाय. बोलंल आता."

ते गेल्यावर मुक्ता कितीतरी वेळ त्या कपाटासमोर उभी होती. रुमाल माझा मीच वापरला.

*

आणि खरंच, त्यानंतर एक तुकडा बोलला.

औषध घातलेली चकती. परचुरे सरांनी आधीच शिक्का मारलेला की हा कॅन्सर आहे. ट्यूबांवर टेबल. टी-सेल काठावर घुटमळत होत्या, आणि मग एक आत गेली. तिच्या मागून दुसरी. मग चार-पाच. एकटी-एकटी, वेड्यावाकड्या वाटांनी, मालगाडीशी काही संबंध नाही. परचुरे सरांनी दोनदा बघितलं आणि "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे भाषणच!

पेढे कुणी आणले नाहीत. पुढच्या पेशंटच्या तुकड्यावर तेच औषध, तीच पद्धत, आणि टी-सेल काठावरच. त्याच्या पुढचा तुकडा, पुन्हा काठावर.

"एकात जातात, दोघांत नाही," मुक्ता म्हणाली. "म्हणजे त्या दोघांत दुसराही कुठला तरी निरोप अडवतोय. मला आणखी तुकडे हवेत, मॅडम."

आणि नेमका त्याच आठवड्यात पुण्याहून सर्जनचा फोन आला. पेशंटचे नातेवाईक परवानगी द्यायला नाही म्हणू लागले होते. एकानं नाही म्हटलं, वॉर्डातल्या बाकीच्यांनी ते ऐकलं. तुकडा नेतात, पुढे काय होतं ते कुणी सांगत नाही, आमच्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि चूक काय होतं त्यात?

"मी कुणावर दडपण आणणार नाही," सर्जन म्हणाले. "सगळ्यांना एकदा बोलावतो. तुम्ही या आणि तोंडानं सांगा. लोक नाही म्हणाले तर आपण हे थांबवू."

थांबवू! मुक्ताचा चेहरा मी बघत होतो. मालगाडीनं फसवलं, लिम्फ नोडनं फसवलं, तेव्हा जी डगमगली नाही ती त्या दिवशी पांढरीफटक पडली.

आता लोकांना दाखवायचं काय? आत गेलेल्या टी-सेलची एकच फिल्म होती.

"ती दाखवायची नाही," मॅडम म्हणाल्या. "ती बघून घरोघरी लोक आशा लावून बसतील. पुन्हा झालं, अनेकदा झालं, की दाखवू."

"मग माझ्याकडे काठावरच्याच फिल्म उरतात. लोकांना हरलेली मॅच दाखवू?"

"मॅच चालू आहे ना?" मॅडम म्हणाल्या. "मग जो स्कोअर आहे तो दाखव."

*

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक छोटा हॉल आहे. दुपारची वेळ. पंचवीस-तीस माणसं असतील. काहींचे पेशंट वर वॉर्डात होते, काहींचे घरी, आणि काहींचे आता नव्हते. मी लॅपटॉप आणि प्रोजेक्टर सांभाळायला गेलो होतो.

मुक्तानं नीट सांगितलं. टी-सेल काय, काठ काय, बारा नंबर काय. अवघड शब्द एकही वापरला नाही. पण आवाजात एरवीचा जोर नव्हता, हे मला कळत होतं.

दाराशी एक माणूस उभा होता. खुर्ची रिकामी असूनही बसला नव्हता. कारखान्याचा युनिफॉर्म घातलेला, भावाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. त्यानं विचारलं, "औषध कधी येणार?"

"माहीत नाही," मुक्ता म्हणाली.

"माझ्या भावाला उपयोग होईल?"

"नाही. इतक्यात नाही होणार."

"मग तुकडा कशाला द्यायचा?" त्यानं दाराच्या कडीला हात घातला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. दोघंतिघं उठायच्या बेतात होते. मला खाली बघावंसं वाटलं.

मुक्तानं मला खूण केली आणि मी फिल्म सुरू केली. औषध न घातलेली, साधी. मधे गाठीचा काळा भाग आणि त्याच्या काठानं हिरवे ठिपके. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तेवढंच.

पुढच्या रांगेत एक मावशी बसल्या होत्या. पवन मावळातल्या. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं. मालक ऑपरेशननंतर वर्षाच्या आत गेले, असं सर्जननी आम्हाला आधी सांगितलं होतं. एवढा वेळ त्या काही बोलल्या नव्हत्या.

"पोरी, ते हिरवं हिरवं कोन म्हनालीस?"

"टी-सेल, मावशी. कॅन्सरला मारायला आलेल्या पेशी."

"औषदातून सोडलेल्या?"

"नाही. ज्याची गाठ आहे त्याच्याच शरीरातल्या. आपोआप येतात."

"म्हंजी त्या मान्साच्या सोताच्या?"

"हो, त्याच्या स्वतःच्याच. ही फिल्म कुणाची आहे ते मात्र आम्हाला माहीत नाही हं."

"असूंदे कुनाची का असंना." मावशी फिल्मकडे बघत होत्या. "आत जाईनात त्या."

"त्यांना जाऊ देत नाहीत, मावशी. अडवतात."

"मंग माघारी जात्यात?"

मुक्तानं माझ्याकडे बघितलं. या फिल्म सगळ्यांत जास्त मी बघितल्यात. मी म्हटलं, "नाही मावशी. फिल्म संपेपर्यंत तिथंच असतात. वाट शोधत फिरत असतात."

"येकबी जात न्हाई?"

"मी तरी काठ सोडून माघारी गेलेली बघितली नाही."

फिल्म संपली, स्क्रीन निळा झाला.

"आमचं मानूस गेलं," मावशी म्हणाल्या, "तवा समदा गाव म्हनला, त्यानं हाय खाल्ली. माझा दीर तर माझ्या तोंडावर म्हनला, दादा लढलाच न्हाई, पडून ऱ्हायला आन गेला. मला काय बोलायला ईना. मलाबी तसंच वाटलं व्हतं."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग उठल्या, आपली खुर्ची स्वतःच्या हातानं उचलली आणि स्क्रीनच्या अगदी पुढ्यात नेऊन ठेवली. बसल्या.

"पोरी, लाव परत."

माझ्या हाताला लॅपटॉपचं बटण सापडेना. तेवढ्यात दाराकडून आवाज आला. त्या युनिफॉर्मवाल्या माणसानं कडी सोडून दिली होती आणि त्याचा हात भिंतीवरच्या बटणांवर होता.

"थांबा वाईच. लाईट घालवतो, मावशीला नीट दिसंल."